रिमोटचं कपाळ

खोक्यात एकूण चौदा वस्तू निघाल्या. रॅकेट दोन, बॅट दोन, गोल्फच्या काठ्या दोन, तलवारी दोन, बंदूक एक, मोटारीचं स्टेअरिंग एक, मासे धरायचा गळ एक, मनगटाला बांधायचे पट्टे दोन, आणि कशाचं हे शेवटपर्यंत कुणाला न कळलेलं एक नळकांडं. खोक्यावर पंधरा लिहिलं होतं. श्रीदेवीनं दोनदा मोजलं, तिचे वडील शरणबसप्पा यांनी एकदा मोजलं, आणि आई लक्ष्मम्मांनी न मोजताच सांगितलं की पंधरावी वस्तू म्हणजे ते खोकं असणार. सगळं पांढऱ्या प्लास्टिकचं होतं आणि उचलल्यावर आत काहीच नसल्यासारखं हलकं लागत होतं. आत खरोखरच काही नव्हतं. तिथं रिमोट घालायचा होता. गळ तेवढा लक्ष्मम्मांनी चिमट्यात धरून अंगणातल्या खुंटीला नेऊन लावला. प्लास्टिकचा असला तरी तो मासे धरायचा होता, आणि त्यांच्या शाकाहारी घरात तो चालणार नव्हता.

शरणबसप्पांचं सास्तूरला भांड्यांचं दुकान. वरच्या फळीवरचा पितळी हंडा काढताना त्यांच्या उजव्या खांद्यात कळ आली आणि खांदा जो धरला तो धरलाच. हात पुढं जाई, बाजूला थोडा जाई, वर मात्र शर्टाच्या पहिल्या गुंडीपाशी येऊन थांबे. माणसाची बहुतेक कामं पहिल्या गुंडीच्या खालीच होतात, त्यामुळे दुकान चालू राहिलं. घास तोंडात जायला तोंडाला जरा खाली यावं लागे, तेही त्यांनी चालवून घेतलं. अडचण कपाळाची होती.

रोज सकाळी स्नान झालं की पूजेला बसायचं, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढायचे, हा क्रम त्यांनी वयाच्या आठव्या वर्षापासून मोडला नव्हता. डाव्या हातानं विभूती लावायची नसते. मग ते काम लक्ष्मम्मांकडं आलं. त्या एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून पट्टे ओढत, आणि दूध डावीकडं असल्यामुळे पट्टेही डावीकडं उतरत. दुकानात येणारे आधी कपाळ बघत, मग भांडी. शेजारचे पोलीस पाटील आण्णासाहेब एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शरणप्पा, पट्टे आज उताराला लागलेत बघा. ब्रेक लावा." शरणबसप्पा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला चुकून झाकणाशिवाय डबा दिला.

उमरग्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात धरून पाहिला आणि सहा आठवड्यांची मुदत दिली. रोज व्यायाम करायचा. तेवढ्यात हात वर आला तर ठीक, नाहीतर लातूरला नेऊन, भूल देऊन, खांदा मोकळा करून घ्यायचा. लातूर हा शब्द ऐकल्यावर शरणबसप्पांचा हात गुंडीवरून आणखी एक गुंडी खाली आला. श्रीदेवी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन घरी आली होती. तिनं दुकानातली स्टीलची टेप घेतली, वडिलांना ताठ बसवलं आणि मधल्या बोटाच्या टोकापासून कपाळाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. एकवीस सेंटिमीटर.

व्यायाम असा होता की भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर टेकवून, मुंगी चढते तशी, हळूहळू वर न्यायची. शरणबसप्पा पहिल्या दिवशी दुकानाच्या बाहेरच्या भिंतीशी उभे राहिले. पण भूकंप पाहिलेल्या सास्तुरात माणूस भिंतीवरून बोटं फिरवताना दिसला, की बघणारा आधी घराबाहेर येतो आणि मग विचारतो. दहा मिनिटांत समोरच्या घरांची अख्खी रांग रस्त्यावर उभी राहिली. आण्णासाहेबांच्या आई मथुराबाई पाण्याची कळशी आणि बँकेचं पासबुक घेऊन आल्या होत्या. चीर कुठं पडलीय, असं सगळ्यांनी विचारलं. चीर न्हाय, खांदा हाय, असं शरणबसप्पांनी सांगितलं, पण दोघांनी तरी भिंत वाजवून बघितलीच. दुसऱ्या दिवसापासून तो व्यायाम बंद पडला.

तेव्हा पुण्याच्या पुतण्यानं, महांतेशनं, त्याच्याकडचा जुना व्हिडिओ गेमचा डबा दोन रिमोटसह पाठवून दिला. टीव्हीला डबा जोडायचा, टीव्हीखाली एक काळी पट्टी ठेवायची आणि रिमोट हातात धरून हवेत फिरवायचा. हात जसा फिरेल तसं पडद्यावर घडतं. त्यात फळं कापायचा एक खेळ होता. खालून फळं उडत, हात वर नेऊन ती कापायची, एका डावात साठ फळं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोनवर हरकत नाही म्हणून सांगितलं. दुकानामागच्या खोलीत, दार लावून, शरणबसप्पांनी पहिल्या आठवड्यात रोज पाच डाव केले. सरासरी बावीस फळं. अंतर वीस सेंटिमीटर.

एका आठवड्यात एक सेंटिमीटर, म्हणजे सहा आठवड्यांत सहा, म्हणजे लातूर. हे गणित श्रीदेवीनं बोलून दाखवलं नाही, पण शरणबसप्पा व्यापारी होते. त्यांनी महांतेशला फोन लावला. महांतेश म्हणाला, काका, नुसत्या रिमोटनं मजा नाही, त्याला रॅकेट-बॅट लावायचे सांगाडे मिळतात, हात आपोआप नीट फिरतो. श्रीदेवीचं म्हणणं पडलं की रिमोटला आपल्याभोवती प्लास्टिक आहे की नाही हे कळतच नाही, त्याला फक्त हालचाल आणि समोरची पट्टी कळते. तेव्हा सांगाड्यानं फरक का पडावा. आण्णासाहेबांनी यावर विचार करून सांगितलं की फरक रिमोटला पडत नसतो, माणसाला पडतो. हातात काठी असलेला हवालदार आणि नसलेला हवालदार त्यांनी दोन्ही पाहिलेत. हे खोडून काढायला श्रीदेवीपाशी आकडे नव्हते. तिनं संच मागवला.

संच उमरग्यापर्यंत आला आणि थांबला. कुरिअरच्या कचेरीतला माणूस शांतपणे म्हणाला की यादीत तलवारी दोन आणि बंदूक एक आहे, सोडता येणार नाही. खेळण्यातली आहे म्हटल्यावर तो म्हणाला, तसा दाखला आणा, गावच्या पोलीस पाटलाचा. शरणबसप्पा एसटीनं परत आले आणि थेट शेजारी गेले. इतक्या वर्षांचा शेजार, पण आण्णासाहेबांनी डोक्यावर टोपी चढवली आणि 'आम्ही'ची सरकारी भाषा सुरू केली. वस्तू पाहिल्याशिवाय दाखला देता येत नसतो. वस्तू दाखल्याशिवाय सुटत नाही, हे शरणबसप्पांनी समजावलं. आण्णासाहेब म्हणाले, ते त्यांचं झालं. आम्ही न बघता सही केली आणि उद्या तलवार खरी निघाली तर? खरी तलवार दोनशे ग्रॅमची नसते, असं श्रीदेवी म्हणाली. त्यावर आण्णासाहेबांनी विचारलं, तू कधी उचललीयस का?

अखेर आण्णासाहेब स्वतः, शरणबसप्पांना मागं बसवून, मोटारसायकलवर उमरग्याला गेले. खोकं फोडायला परवानगी नव्हती, पण कोपरा आधीच फाटलेला होता. त्यातून त्यांनी बोट घातलं, डोळे मिटून बराच वेळ चाचपलं आणि तिथंच टेबलावर दाखला लिहिला: "दाखला देण्यात येतो की, मौजे सास्तूर येथील रहिवासी शरणबसप्पा यांच्या नावे आलेली शस्त्रे मी समक्ष बोट लावून पाहिली असून ती प्लास्टिकची आहेत. सदर इसम शांत स्वभावाचा असून त्याचा उजवा हात तसाही वर होत नाही." कचेरीतल्या माणसानं हे मोठ्यानं वाचलं. रांगेत सात माणसं होती. सगळ्यांनी शरणबसप्पांच्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि मग, सवयीप्रमाणे, कपाळाकडं.

खोकं घरी आल्यावर मोजदाद झाली ती वर सांगितली. एक रिमोट एका रॅकेटच्या मुठीत घालायचा होता. रॅकेटच्या गळ्याशी पारदर्शक खिडकी होती, रिमोटची पुढची काळी काच तिथून टीव्हीखालची पट्टी बघू शकेल अशी. रिमोट अर्ध्यात अडकला. आण्णासाहेबांनी, आता तो विषय त्यांचाही झाला होता, तांब्याच्या बुडानं दोन ठोके मारून तो आत बसवला. बसला तो असा, की पुन्हा निघालाच नाही. त्यामुळे एक रिमोट कायमचा रॅकेटचा झाला आणि दुसरा कायमचा मोकळा राहिला. श्रीदेवीनं वहीत लिहिलं: "दोन्ही रिमोट वेगळे आहेत. ही प्रयोगातली त्रुटी आहे." तिच्या वहीतलं हे वाक्य नंतर फार महत्त्वाचं ठरलं, पण त्या वेळी ते कुणी वाचलं नाही.

घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते. शरणबसप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी रॅकेट आणि मोकळा रिमोट पाटावर मांडले. विभूती कालवली. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाट पहिल्या गुंडीच्या बराच खाली आहे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या उजव्या हाताच्या आवाक्यात कुणाचं तरी कपाळ आलं होतं. रॅकेटचा प्रश्न नव्हता. तिच्या रुंद जाळीवर तीन पट्टे सरळ बसले. रिमोटपाशी ते थबकले. रिमोटचं कपाळ कुठं? त्यांनी नीट विचार केला. गुंड्या आहेत ते पोट, दोरी आहे ती शेपूट, म्हणजे पुढची काळी, चकचकीत बाजू ते कपाळ. तिथं तीन बोटं मावत नव्हती, म्हणून त्यांनी करंगळीनं तीन वेळा ओढलं. पट्टे अगदी सरळ आले. ते बराच वेळ बघत बसले.

प्रयोग श्रीदेवीनं रीतसर आखला. रोज दहा डाव, पाच रॅकेटनं, पाच मोकळ्या रिमोटनं. आधी कुठला हे नाणं उडवून ठरवायचं. पहिल्याच दिवशी रॅकेटनं एकतीस आणि मोकळ्या रिमोटनं अठरा फळं आली. आठवड्याअखेर रॅकेट अडतीस, मोकळा चौदा. आण्णासाहेबांनी हे आकडे सकाळच्या एसटीबरोबर लोहाऱ्यापर्यंत पोचवले. आता दार लावून खेळणं संपलं. डबा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी मागच्या खोलीत डोकावायचं आणि विचारायचं, सावकार, आज किती?

सल्ले येऊ लागले. मथुराबाईंचं मत होतं की माणसानं पूर्वेला तोंड करून खेळावं. त्यासाठी टीव्ही उत्तरेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीवर न्यावा लागला. तिथवर वायर पोचेना, म्हणून ती दुकानातून ओढली, आणि तिला अडखळून, डाव बघायला आलेले मठाचे शांतलिंग स्वामी पातेल्यांच्या उतरंडीवर पडले. स्वामींना काही झालं नाही. एकोणीस पातेल्यांना पोचे आले. आण्णासाहेबांचा सिद्धांत असा की गुण प्लास्टिकचा नाही, लांबीचा आहे. ते पटवून द्यायला त्यांनी मोकळा रिमोट रबरबँडनं कढईच्या मोठ्या झाऱ्याला बांधला आणि पहिलंच कलिंगड कापताना पंख्याचं पातं वाकवलं. ते कलिंगडही कापलं गेलं नव्हतं. पंखा त्या दिवसापासून फिरताना दर फेऱ्याला एकदा खोकल्यासारखा आवाज काढू लागला. लक्ष्मम्मा कन्नडमधून "साकु री, साकु," म्हणजे पुरे आता, एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

या सगळ्यात शरणबसप्पांचं दुःख वेगळं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना मोकळ्या रिमोटची कीव येऊ लागली होती. रॅकेटचं सगळ्यांनी कौतुक करावं आणि त्या बिचाऱ्यानं रोज मागं पडावं. बारा, दहा, नऊ. आपलाही एक अवयव असाच मागं राहिलेला आहे, हे ते विसरू शकत नव्हते. म्हणून ते रोज सकाळी, कुणी उठायच्या आत, त्याच्या कपाळावर नवी विभूती लावत. जुनी पुसणं त्यांना बरं वाटेना, म्हणून तिच्यावरच. आणि ज्या दिवशी आकडा फारच खाली जाई, त्या दिवशी जरा जास्त. त्या रिमोटनं खेळताना ते हट्टाला पेटत. फळ कापलं जाईना तसा हात आणखी वर नेत, मनगट खाली वळवत, दात आवळत. रॅकेटनं मात्र आरामात, छातीपाशी हात ठेवूनही चाळीस फळं होत. श्रीदेवी दर रविवारी टेप लावी. सतरा. चौदा. साडेदहा. खांदा सुटत होता, आणि अख्ख्या रांगेचं एकमत होतं की हा रॅकेटचा गुण.

पाचव्या आठवड्यात श्रीदेवीनं दोन्ही आकड्यांचा आलेख काढला आणि त्याच्याकडं बघत चहा गार केला. रॅकेटची रेघ वर जात होती, ते ठीक. पण मोकळ्या रिमोटची रेघ खाली का जावी? सांगाड्याचा फायदा होत असेल, तर सांगाडा नसलेला रिमोट फार तर जागच्या जागी राहील. रोज सराव करणारा माणूस रोज थोडं थोडं विसरत जातो, असं तिनं कुठं वाचलं नव्हतं. तिनं बॅटऱ्या बदलल्या. फरक नाही. मग तिनं रिमोट खिडकीपाशी नेला आणि समोरून त्याच्या डोळ्यात, म्हणजे पुढच्या काळ्या काचेत, पाहिलं. डोळा दिसत नव्हता. तिथं राखाडी रंगाचा, नखाएवढ्या जाडीचा, व्यवस्थित चोपलेला थर होता. वरच्या कडेला तेवढी केसाएवढी फट उरली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "याला काय लावलंय?"

दुकानात त्या वेळी आण्णासाहेब आणि दोन गिऱ्हाइकं होती. शरणबसप्पांनी तराजू पुसायला घेतला. तराजू स्वच्छ होता.

"रोज लावतो," ते म्हणाले. "माझ्या कपाळापत्तोर हात जात न्हाय. त्याच्या जातो."

श्रीदेवी थोडा वेळ रिमोटकडं आणि थोडा वेळ वडिलांकडं बघत राहिली. मग तिनं वहीत तारीख घातली आणि कापूस मागितला.

काच पुसल्यावर दहा डाव झाले. रॅकेट पंचेचाळीस, मोकळा सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी रॅकेट सत्तेचाळीस, मोकळा सेहेचाळीस. म्हणजे प्लास्टिकच्या सांगाड्यानं फळं कापण्यात काहीही फरक पडत नव्हता, आणि इतके दिवस तुलना रॅकेटची आणि विभूतीची चालली होती. पण श्रीदेवी तिथं थांबली नाही. आंधळ्या रिमोटला त्या वरच्या फटीतूनच पट्टी दिसायची, आणि ती दिसायला हात वर नेऊन मनगट खाली वळवावं लागायचं. फळं कमी कापली जात होती, पण हात वर जात होता तो त्याच डावांत. तिनं हे सगळ्यांना कागदावर काढून दाखवलं.

यानंतर श्रेय कुणाचं यावर चार दिवस वाद चालला. शांतलिंग स्वामींनी विभूतीचं म्हणून निकाल देऊन टाकला. आण्णासाहेब म्हणाले, रॅकेट आली नसती तर पूजा झाली नसती, पूजा झाली नसती तर डोळा बुजला नसता, आणि दाखला दिला नसता तर रॅकेट आली नसती. तेव्हा बघा तुम्हीच. मथुराबाईंनी पूर्व दिशेची आठवण दिली. श्रीदेवीला विचारलं तेव्हा ती म्हणाली की एका खांद्यावरून काही सिद्ध होत नाही, निदान आणखी तीस धरलेले खांदे हवेत. आण्णासाहेबांनी आपला डावा खांदा हलवून पाहिला आणि तो धरलेला नाही याची त्यांना थोडी खंत वाटलेली दिसली.

बेचाळिसावा दिवस उजाडला. उमरग्याला दहा वाजता बोलावलं होतं, आणि तिथून लातूरची चिठ्ठी घ्यायची की नाही, हे ठरायचं होतं. शरणबसप्पांनी स्नान केलं आणि पूजेला बसले. श्रीदेवी टेप घेऊन बाजूला बसली. लक्ष्मम्मा विभूतीची वाटी घेऊन उभ्या राहिल्या; त्यांनी आज गॅस बंद केला होता. शरणबसप्पांनी बोटं बुडवली आणि हात उचलला. गुंडी गेली, हनुवटी गेली, ओठ गेले. नाकाच्या शेंड्यापाशी हात थांबला. ते तसेच बसले, पाठ ताठ, मान ताठ, डोळे समोर. कपाळावर घाम आला. हात तिथून वर येईना आणि खाली घ्यायला ते तयार नव्हते. विभूतीचा एक थेंब मिशीवर पडला.

"थोडं कमी पडतंय," ते म्हणाले. "लातूर."

लक्ष्मम्मांनी वाटी खाली ठेवली. "हात तुमचा एवढा वर चढून आला की," त्या म्हणाल्या. "घास घ्यायला वाकत होता, तसं दोन बोटं कपाळानं खाली यावं. देव काय टेप लावून बसलाय व्हय?"

टेप श्रीदेवीनं लावली होती. तिनं ती खाली घेतली नाही. शेवटी शरणबसप्पा हलले.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वहीत पुढील नोंद झाली. मान ताठ ठेवून: साडेसहा सेंटिमीटर. मान झुकवून: शून्य. पट्टे: तीन.